आधी वळण, मग नाद

गिटारसाठी लाकूड निवडायला बसलेला कारागीर पहिला प्रश्न हमखास नादाचा विचारतो. हे लाकूड वाजेल कसं? खर्ज भरदार येईल का, वरचे स्वर स्वच्छ निघतील का? तबलीचं, म्हणजे तारांखालच्या पुढच्या फळीचं लाकूड निवडताना हा प्रश्न अगदी योग्य आहे, कारण गिटारचा आवाज मुख्यतः तीच फळी घडवते. पाठीच्या लाकडाबद्दलही तो काही प्रमाणात विचारावा. बाजूच्या पट्ट्यांबद्दल मात्र पहिला प्रश्न वेगळा असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. ही पट्टी उष्णता लागल्यावर न कुरकुरता वळेल का आणि वळल्यावर त्या आकारात शांत बसेल का, हे आधी विचारायचं. नादाचा विचार त्यानंतर.

हे मत अनेकांना नवशिक्यांना दिलेल्या सवलतीसारखं वाटतं. पहिली गिटार करताना सहज वळणारं लाकूड घ्या, हात बसला की मग लहरदार मेपल, हवाईचा कोआ, झिरिकोटे, आबनूस अशा अवघड लाकडांकडे वळा, अशी एक चढण कारागिरांच्या जगात गृहीत धरलेली असते. जितकं लाकूड हट्टी, तितका कारागीर मोठा आणि तितकी गिटारची किंमत जास्त. माझा आक्षेप या चढणीलाच आहे. सहज वळणं हा लाकडाचा खरा गुण आहे आणि तो गुण वाद्याच्या आयुष्यात शेवटपर्यंत काम करतो. कसलेल्या हातानेही तो नवशिक्याइतक्याच गांभीर्याने शोधावा.

बाजूची पट्टी म्हणजे काय, ते आधी नीट डोळ्यांसमोर आणू. साधारण ८० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटरच्या आसपास रुंद आणि जेमतेम २ मिलिमीटर जाड अशी ती फळी असते. एका गिटारला अशा दोन लागतात, उजवी आणि डावी, आणि त्या शक्यतो एकाच फळीतून शेजारी शेजारी चिरून काढलेल्या असतात. प्रत्येक पट्टीला तीन वळणं द्यायची असतात : खाली मोठं पोट, मध्ये कंबर, वर लहान खांदा. पोट आणि खांदा बाहेर फुगतात, कंबर आत जाते. म्हणजे पट्टीचा जो पृष्ठभाग पोटापाशी ताणला जातो, तोच कंबरेपाशी दाबला जातो. एकाच लाकडाकडून काही वितींच्या अंतरात दोन उलट कामं करून घ्यायची असतात.

लाकूड दाबायला तयार असतं, ताणायला नसतं. वाफेने नीट मऊ केलेलं चांगल्या जातीचं लाकूड तंतूंच्या दिशेने आपल्या लांबीच्या २५ ते ३० टक्क्यांपर्यंत दाबलं जाऊ शकतं. ताणलं जातं ते मात्र फक्त १ ते २ टक्के. वळणाचं सगळं गणित या विषमतेत आहे. वक्र झालेल्या पट्टीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर किती ताण येतो, ते काढायला मोठं शास्त्र लागत नाही. पट्टीच्या जाडीच्या निम्म्याला वळणाच्या त्रिज्येने भागायचं, बस. २ मिलिमीटरची पट्टी ८० मिलिमीटर त्रिज्येच्या कंबरेत वळवली, तर सव्वा टक्का. हे लाकडाला झेपतं. तीच पट्टी वरच्या पडद्यांपर्यंत हात पोहोचावा म्हणून खांद्याला कापलेल्या गोल खाचेत, ३० मिलिमीटर त्रिज्येत घालायची म्हटलं, तर तीन टक्क्यांच्या वर. जाडी अडीच मिलिमीटर ठेवली, तर चार टक्क्यांच्याही पुढे. इथे लाकडाची मर्यादा ओलांडली जाते. मग कारागिराला ताण दाबात बदलून घेण्याची युक्ती करावी लागते, नाहीतर पट्टी तडकते.

ती युक्ती फर्निचर बनवणाऱ्या मिखाएल थोनेटने एकोणिसाव्या शतकातच सिद्ध केली होती. त्याची १८५९ सालची १४ क्रमांकाची खुर्ची आजही जगभरच्या कॅफेंमध्ये दिसते. ती बीच लाकडाच्या दांड्या वाफेवर वळवून केलेली आहे. वळवताना दांडीच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी घट्ट बांधायची आणि तिची दोन्ही टोकं अडवून धरायची. पोलाद लांबत नाही, त्यामुळे लाकडाचं बाहेरचं अंगही लांबू शकत नाही. आतल्या अंगाला दबण्यावाचून पर्याय उरत नाही आणि दबणं तर लाकडाला जमतंच. गिटार बनवणारे आज पट्टीच्या बाहेरून पोलादाचा जो पातळ पत्रा लावतात, तो याच विचाराचा वारस आहे. थोनेटची लाकडाची निवडही इथे लक्षात घेण्यासारखी आहे. वळणं हेच मालाचं मर्म आहे हे ओळखून त्याने साधं, सरळ रेषांचं, मुबलक बीच धरलं आणि १८५० च्या दशकात मोरावियात बीचच्या जंगलांजवळ कारखाना काढला. लाकूड त्याने वळणासाठी निवडलं आणि त्यातून फर्निचरचं एक नवं रूप जन्माला आलं.

उष्णतेने नेमकं काय होतं? लाकडाचे तंतू सेल्युलोजचे असतात आणि ते लिग्निन नावाच्या पदार्थाने एकमेकांना धरलेले असतात. ओलसर लाकडातलं लिग्निन ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं, कोरड्या लाकडात त्याला बरंच जास्त तापमान लागतं. मऊ झालेल्या लिग्निनमध्ये तंतू एकमेकांवरून थोडे सरकतात. थंड झालं की नव्या जागी पक्के बसतात. म्हणून जुना कारागीर तापलेल्या धातूच्या नळीवर पट्टी हळूहळू डोलवत वळवतो आणि नवा कारागीर साच्यावर पट्टी ठेवून वरून विजेवर तापणारी सिलिकॉनची गादी लावतो. पाणी दोघंही वापरतात, फक्त प्रमाण लाकडागणिक बदलतं. शिसवाला ओल्या फडक्याचा हात पुरतो. मेपलला थोडं जास्त लागतं, पण अति झालं की पट्टी रुंदीत पन्हळीसारखी वाकते आणि पुढे तिला सपाट करण्यात दिवस जातो.

आता जातींबद्दल. पट्ट्या वळवणाऱ्यांमध्ये ज्या थोड्या लाकडांबद्दल मोठं एकमत आहे, त्यांत आपलं शिसव फार वर आहे. वजनाने भारी आणि दिसायला कठीण असूनही तापल्यावर ते विलक्षण नरम होतं. तापलेल्या नळीवर शिसवाची पट्टी दाबली की एका क्षणी ती प्रतिकार सोडते. तो क्षण हाताला स्पष्ट कळतो. अक्रोडही असाच समजूतदार. भूमध्य समुद्राकाठचं सायप्रस हलकं असून सहज वळतं. चेरी फारसा त्रास देत नाही. दुसऱ्या टोकाला लहरदार रेषांचं मेपल, लहरदार कोआ आणि आबनूस. मध्य अमेरिकेतलं कोकोबोलो तेलकट असल्याने वळतं छान, पण तेच तेल सरसाला धरू देत नाही आणि त्याच्या भुशाने अनेकांच्या त्वचेवर पुरळ उठतं. म्हणजे वळण हा पहिला प्रश्न असला, तरी तो एकमेव प्रश्न नाही.

पण जातींच्या याद्यांवर फार विसंबू नये, असं मला आग्रहाने सांगायचं आहे. एकाच झाडाच्या दोन फळ्या दोन तऱ्हेने वागतात. पट्टी तडकते तेव्हा दोष बहुतेक वेळा जातीचा नसतो, तंतूंच्या दिशेचा असतो. फळी अशी चिरलेली असावी की तंतू तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पृष्ठभागाला समांतर धावतील. चिरताना करवत तंतूंना तिरकी गेली, तर तंतू मधेच पृष्ठभागावर येऊन संपतात. केरसुणी वाकवून पाहिली की हे कळतं : पूर्ण लांबीचे हीर सगळे मिळून वाकतात, मधेच तुटलेला हीर टोक वर काढून बाहेर येतो. पट्टीतही नेमकं तसंच होतं. कंबरेच्या वळणावर असं एखादं टोक उचललं गेलं की तिथून चीर सुरू होते. लहरदार लाकूड तडकतं त्याचंही कारण हेच. डोळ्याला मोहवणारी प्रत्येक लहर म्हणजे तंतूंनी पृष्ठभागाबाहेर घेतलेली उडी असते. त्या लाकडाचं सौंदर्य आणि त्याचा ठिसूळपणा एकाच गोष्टीतून येतात, आणि सौंदर्य हवं असेल तर ठिसूळपणाची तयारीही ठेवावी लागते.

ती तयारी कशी करतात, हे पाहायचं तर व्हायोलिनकडे जावं. व्हायोलिनच्या बाजू परंपरेने लहरदार मेपलच्याच असतात आणि तिच्या कोपऱ्यांजवळची वळणं गिटारच्या कंबरेपेक्षा कितीतरी घट्ट असतात. तरी त्या वळतात, कारण त्यांची जाडी १ मिलिमीटरच्या आसपास असते. २० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणात १ मिलिमीटरची पट्टी घातली, तर ताण अडीच टक्के. २ मिलिमीटरची घातली, तर पाच टक्के. व्हायोलिनसाठी गाजलेल्या क्रेमोनाच्या कारागिरांना हे गणित अशा आकड्यांत माहीत असण्याची गरज नव्हती, त्यांच्या हातांना ते कळत होतं. अवघड लाकूड निवडलं तर पातळपणा स्वीकारायचा, हे त्यांनी शतकानुशतकं पाळलं. गिटार बनवणारा मात्र अनेकदा लहरदार मेपल घेतो, त्याची जाडी शिसवाइतकीच ठेवतो आणि पट्टी मोडली की लाकडाला दोष देतो.

माझ्या मताला सर्वात मोठा विरोध नादाच्या बाजूने येतो. बाजूंचं लाकूड आवाज घडवतं, म्हणून त्याची निवड आवाजावरच व्हावी, वळणावर नाही, असा हा युक्तिवाद आहे. त्याला पहिलं उत्तर आंतोनियो दे तोर्रेसने १८६२ साली दिलं. आजच्या शास्त्रीय गिटारचं रूप ज्याने ठरवलं, तो हा स्पेनमधल्या अल्मेरियाचा कारागीर. तबलीचं महत्त्व दाखवायला त्याने एक गिटार अशी बनवली की तिची पाठ आणि बाजू दोन्ही कागदाच्या लगद्याच्या होत्या. तबली मात्र नेहमीसारखी चांगल्या लाकडाची. ती गिटार बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आजही आहे. कागदाच्या अंगाची गिटार तबलीच्या जोरावर चांगली वाजते, हे जर या कलेचा सर्वात मोठा कारागीर हाताने करून दाखवतो, तर बाजूंच्या लाकडाच्या नादाबद्दल आपण किती खात्रीने बोलावं, याचा विचार व्हायला हवा.

तोर्रेसची गिटार एकच होती आणि तिची रीतसर चाचणी झालेली नव्हती, असं कुणी म्हणेल. मग दुसरं उत्तर पाहू. २०१८ साली लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी कारागीर रॉजर बकनल यांच्यासोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. बकनल यांनी पोलादी तारांच्या सहा गिटारी शक्य तितक्या एकसारख्या बांधल्या. फरक फक्त पाठ आणि बाजूंच्या लाकडाचा. ब्राझिली रोजवुड, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड. ५२ वादकांनी त्या वाजवल्या, पण लाकूड ओळखता येऊ नये म्हणून अंधुक खोलीत, डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे चष्मे लावून. आवाजाला दिलेल्या गुणांमध्ये सहाही गिटारी एकमेकींच्या जवळपास आल्या. लाकडाची किंमत आणि आवाजाची पसंती यांचा मेळ बसला नाही. आणि या प्रयोगात बाजूंबरोबर पाठही बदललेली होती, जी बाजूंपेक्षा जास्त मोकळेपणी कंप पावते. पाठीसकट लाकूड बदलूनही वादकांना फारसा फरक जाणवत नसेल, तर एकट्या बाजूंचा वाटा किती उरतो?

लाकडांमध्ये फरकच नसतो, असं मात्र मी म्हणणार नाही. शिसवाचा तुकडा टिचकीने वाजवला, तर तो मेपलच्या तुकड्यापेक्षा जास्त वेळ घुमतो. हा फरक खरा आहे आणि मोजताही येतो. पण बाजूची पट्टी गिटारमध्ये मोकळी टांगलेली नसते. ती वळलेली असते, वर-खाली आतल्या किनारीने तबलीला आणि पाठीला चिकटवलेली असते, शिवाय वाजवताना वादकाच्या मांडीला आणि हाताला टेकलेली असते. तिच्या घुमण्याला वाव असतोच कुठे? तिचं मुख्य काम तबलीला पक्की कड देणं हे आहे. काही आधुनिक कारागीर तर बाजू मुद्दाम जड आणि ताठ करतात, म्हणजे तारांची शक्ती बाजूंत न मुरता तबलीतच राहावी. त्यासाठी ते जाड पट्टी वळवण्याच्या फंदात पडत नाहीत. मिलिमीटरभर जाडीच्या दोन किंवा तीन पट्ट्या वेगवेगळ्या वळवतात आणि साच्यात एकमेकींना चिकटवतात. सरस वाळला की आकार कायमचा बंद होतो. म्हणजे ज्यांना बाजू ताठ हव्यात, त्यांनाही शेवटी सहज वळणारी पातळ पट्टीच हाती घ्यावी लागते.

आता असा मुद्दा, ज्याची चर्चा मला फारच कमी आढळते. हट्टी लाकूड जबरदस्तीने साच्यात बसवता येतं. क्लॅम्प कसले, रात्रभर दाबून ठेवलं, सकाळी तबली आणि पाठ चिकटवली, गिटार तयार. पण ती पट्टी आत सतत मागे सरायला पाहत असते. तिने घेतलेला आकार तिचा स्वतःचा नसतो, तो सरसाने आणि किनारीने तिच्यावर लादलेला असतो. ऋतू बदलला, हवेतली ओल कमी-जास्त झाली की हा अडवलेला ताण सर्वात कच्च्या जागी वाट शोधतो : कंबरेजवळची एखादी बारीक चीर, उकललेला सांधा, किंचित पिळलेली तबली. कोकणात आणि गोव्यात जूनपासून चार महिने हवा चिंब असते आणि नंतर तीच कोरडी होत जाते. देशावर तर हिवाळ्या-उन्हाळ्यातला कोरडेपणा आणखी टोकाचा. अशा हवेत राहणाऱ्या वाद्यासाठी, साच्यातून काढल्यावर आपला आकार स्वतःहून धरून बसणारी पट्टी हे गिटारच्या दीर्घायुष्याचं मोठं कारण ठरतं. म्हणूनच वळवून झालेली पट्टी साच्याबाहेर नुसती मेजावर ठेवून दोन-तीन दिवस पाहावी. जी बोटाच्या हलक्या दाबाने साच्याला लागते, ती घ्यावी. जी क्लॅम्प मागते, ती पुन्हा तापवावी किंवा सोडून द्यावी.

आकारही लाकडाचं ऐकून बदलता येतो. खांद्याच्या गोल खाचेला टोकदार खाच हा जुना पर्याय आहे. तिथे पट्टी घट्ट वळणातून नेत नाहीत, दोन तुकडे टोकाशी जोडतात. वळणार नाही त्या लाकडावर गोल खाचेचा आग्रह धरण्यापेक्षा हा जोड कितीतरी प्रामाणिक आहे.

सहज मिळणारं आणि सहज वळणारं लाकूड म्हणजे तडजोड, या समजाला स्पेनमध्येच सर्वात ठळक उत्तर मिळालेलं आहे. फ्लामेंको गिटारच्या पाठी आणि बाजू परंपरेने सायप्रसच्या. हे झाड स्पेनमध्ये भरपूर, लाकूड स्वस्त, वजनाला घनमीटरमागे सुमारे ५०० किलो, म्हणजे शिसवापेक्षा खूपच हलकं. गायक आणि नर्तकांबरोबर वाजवणाऱ्या वादकांना परवडणारी गिटार या लाकडात होत असे. हलक्या अंगाची, चटकन बोलणारी आणि चटकन थांबणारी ती गिटार पायांच्या ठेक्याशी आणि टाळ्यांशी इतकी जुळली की पुढे तोच फ्लामेंकोचा आवाज मानला गेला. आज सायप्रसची उत्तम फ्लामेंको गिटार कुणी कमअस्सल म्हणत नाही. कारागिराच्या आवाक्यातल्या लाकडाने एका संगीताचा कान घडवला, हे मला या विषयातलं सर्वात मोठं सत्य वाटतं. नादाची आवडही हाताशी असलेल्या लाकडातूनच तयार होते. म्हणून आजचे प्रतिष्ठित नाद कायमचे मानून त्यांच्यामागे दुर्मीळ लाकडं धुंडाळत फिरणं मला पटत नाही.

शिसवाची गोष्ट याच जागी आपल्याला येऊन भिडते. अमेरिकेतली मार्टिन ही जुनी गिटार कंपनी १९६९ पर्यंत आपल्या श्रेष्ठ गिटारींना ब्राझिली रोजवुड वापरत होती. ब्राझीलहून ओंडके मिळणं कठीण झाल्यावर तिने भारतीय शिसव स्वीकारलं आणि बाकीचं जग तिच्या मागोमाग आलं. ब्राझिली रोजवुड १९९२ साली आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या कडक यादीत गेलं. २०१७ च्या सुरुवातीपासून शिसव-रोजवुडच्या संपूर्ण वंशावर व्यापाराच्या परवान्यांचं बंधन आलं. पुढे २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, कच्च्या लाकडावर नियंत्रण राहिलं. या पन्नास वर्षांत गिटारवाल्यांनी भारतीय शिसवाकडे बराच काळ ‘ब्राझिलीचा पर्याय’ म्हणूनच पाहिलं. मला हे अन्यायाचं वाटतं. वळणाच्या कसोटीवर शिसव ब्राझिली लाकडाच्या बरोबरीने, किंबहुना जास्त भरवशाने उतरतं. ते दुय्यम म्हणून वापरलं गेलं, पण आपल्या गुणावर टिकलं.

आणि म्हणूनच ते जपून वापरायला हवं. आपल्या जुन्या घरांतले शिसवी देव्हारे, शिसवी पाट, शिसवी पलंग ज्या झाडातून आले, ते झाड सह्याद्रीत आणि दक्षिणेत फार सावकाश वाढतं. निसर्ग-संवर्धनाच्या जागतिक यादीत ते आज ‘असुरक्षित’ गटात आहे. ब्राझीलमध्ये जे झालं, ते इथे व्हायला नको असेल, तर शिसवाच्या रांगेत आणखी लाकडं आणून बसवावी लागतील. तिथे वळणाची कसोटी फार उपयोगाची आहे, कारण ती शोध मोकळा करते. नादाच्या प्रतिष्ठेने शोधायला गेलं की तीच पाच-सहा नावं पुन्हा समोर येतात. वळेल का आणि टिकेल का, या प्रश्नाने शोधायला गेलं की अनेक नम्र झाडं पुढे होतात.

आपल्याकडे तंतुवाद्यांची एवढी मोठी परंपरा असताना बाजू वळवण्याची विद्या का वाढली नाही, याचं उत्तर मिरजेत मिळतं. तिथे एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी वाद्यनिर्मितीला हात घातला आणि मिरजेचा तंबोरा देशभर गेला. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचं गोल पोट कुणी वळवत नाही, ते वेलीवर वाढतं. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूच्या शेतांत पिकलेला भोपळा वाळवायचा, त्याचा योग्य तो भाग कापून घ्यायचा आणि त्यावर तूण लाकडाची तबली आणि दांडी बसवायची. फार हुशारीची पद्धत आहे ही. पण तिच्यामुळे लाकूड वाकवण्याचा प्रश्न आपल्या वाद्यकारांपुढे तसा आलाच नाही.

तो प्रश्न आपल्याकडे सुटला, तो खेळाच्या मैदानासाठी. लाकडी हॉकी स्टिकचं वाकलेलं टोक तुतीच्या लाकडाचं असतं. फाळणीआधी सियालकोटात आणि नंतर जालंधरात कारागिरांनी तुती पाण्यात आणि वाफेत मऊ करून तिला तो घट्ट आकडा द्यायची विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. हॉकीच्या स्टिकचं वळण गिटारच्या कुठल्याही वळणापेक्षा अवघड असतं, कारण लाकूड जाड असतं आणि वर चेंडूचे फटकेही खायचे असतात. मध्य आशियातल्या उझबेक दुताराचं गोल पोटही तुतीच्या पातळ पट्ट्या वळवून, एकमेकींना जोडून करतात. म्हणजे तुती वळते आणि वाद्यातही शोभते, या दोन्ही गोष्टी सिद्ध झालेल्या आहेत. वरच्या दर्जाच्या हॉकीत आता कार्बन-फायबरच्या स्टिक आल्या आणि तुती वळवणाऱ्या हातांचं काम आटलं. हे हात वाद्यांकडे वळले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. बीड-जालन्याकडे रेशमासाठी तुतीची शेती होते, पण ती झाडं पाल्यासाठी सतत छाटतात, त्यांचं खोड फळी निघण्याइतकं जाड होत नाही. बांधावर दोन-चार तुतीची झाडं न छाटता वाढू दिली, तर पंधरा-वीस वर्षांनी त्यांच्यातून पट्ट्या निघू शकतील.

तोपर्यंत लाकूड विकत घेणाऱ्याने एवढं तरी करावं. फळीच्या टोकाकडून बोटभर रुंदीची, वीतभर लांबीची चीप कापून मागावी आणि तिला रंधून नेमकी तेवढीच जाडी आणावी, जेवढी पट्टीची ठेवायची आहे. कडेवर तंतू कुठल्या दिशेने धावतात, ते उजेडात धरून पाहावं. मग ती चीप ओली करून तापल्या नळीवर आपल्या गिटारच्या सर्वात घट्ट वळणाइतकी वळवावी. विकणारे दुकानदार फळीच्या रंगाचे आणि लहरींचे फोटो हौसेने दाखवतात. त्यांनी प्रत्येक फळीबरोबर अशी एक वळवलेली चीपही ठेवायला हवी. भट्टीत घाईने वाळवलेलं लाकूड आणि सावलीत सावकाश वाळलेलं लाकूड यांतला फरक त्या चिपेत लगेच कळतो. जातीचं नाव, देशाचं नाव, झाडाचं वय यांपैकी काहीही न सांगता ती चीप कारागिराला त्याच्या कामाची सगळी माहिती देते.